सर्वोला दिसते तेवढेच

सोलापूरच्या पूर्व भागातल्या साध्या यंत्रमागावर ताण्याचा बीम मागच्या बाजूला असतो. बीमच्या कडेच्या चाकावरून साखळी किंवा दोर फिरवलेला असतो आणि त्याला वजन टांगलेले असते. त्या घर्षणामुळे बीम मोकाट फिरत नाही आणि उभे धागे ताठ राहतात. अडचण अशी की विणकाम पुढे सरकते तसा बीम बारीक होत जातो. घर्षण तेवढेच राहून बीमची त्रिज्या निम्मी झाली, तर धाग्यांवरचा ताण दुप्पट होतो आणि धागे तुटायला लागतात. म्हणून विणकर अधूनमधून ताण्यावर तळहात फिरवतो आणि वजन थोडे सरकवतो किंवा कमी करतो. ताण हाताला कळणे, तो हवा तेवढा आहे का हे मनाशी ताडणे आणि पडलेला फरक भरून काढणे, हे चक्र बीम संपेपर्यंत चालू असते. टेरी टॉवेलच्या आधुनिक रेपियर मागावर दोन बीम असतात. एक पायाच्या धाग्यांचा, त्याचा ताण जास्त. दुसरा टॉवेलचे लूप बनवणाऱ्या धाग्यांचा, त्याचा ताण अगदी कमी. तिथे तळहाताचे काम सेन्सर करतो, ताडण्याचे काम ड्राइव्ह करतो आणि बीम हवा तेवढाच सोडण्याचे काम सर्वो मोटर करते. पण चक्र तेच आहे. विणकराचा तळहात बधिर झाला तर त्याचा तीस वर्षांचा अनुभवही वजन चुकीच्याच जागी ठेवील. सर्वोचेही तसेच आहे, आणि या लेखात मला एवढेच पटवून द्यायचे आहे.

'सर्वो' हा शब्द सेवक या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने १८७३ साली जहाजाचे सुकाणू वाफेच्या बळावर फिरवणाऱ्या यंत्रणेवर पुस्तक लिहिले आणि त्या यंत्रणेला हे नाव दिले. पुढे १९२२ साली निकोलस मिनोर्स्की याने अनुभवी नाविक सुकाणू कसे धरतात हे पाहून, जहाज किती भरकटले आहे, किती वेळ भरकटलेले आहे आणि किती वेगाने भरकटत आहे या तिन्हींचा हिशेब एका सूत्रात बसवला. आज आपण त्याला पीआयडी म्हणतो. त्या सूत्राचीच पुढची पिढी हाताच्या पंजात मावेल अशा ड्राइव्हमध्ये बसलेली आहे, आणि तो ड्राइव्ह आता लहान वर्कशॉपच्याच नव्हे, घरात यंत्र बांधणाऱ्याच्याही आवाक्यात आला आहे. घराला लागूनच माग चालवणाऱ्या शहराला घरातल्या यंत्राचे नवल नाही. देवघराची नक्षी, जाळीचे पॅनेल, अॅल्युमिनियमचे सुटे भाग, मागाचा न मिळणारा एखादा पार्ट, अशा कामांसाठी घरच्या घरी सीएनसी यंत्र बांधणारे जिथे भेटतात तिथे पहिला प्रश्न ऐकू येतो तो असा: 'गेन किती ठेवलास?' गेन म्हणजे दिसलेली चूक ड्राइव्हने किती जोराने सुधारावी हे ठरवणारा आकडा. तो किती, हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो असे माझे म्हणणे आहे. सर्वो त्याला दिसेल तेवढेच सुधारतो. त्याला काय दिसावे हे वायरिंग ठरवते, दिसलेल्याचा हत्याराच्या टोकाशी संबंध किती हे यंत्राची बांधणी ठरवते, आणि हे दोन्ही ठरल्यावर उरलेले थोडेसे काम ट्यूनिंग करते.

आधी त्याला काय दिसते ते पाहू. मोटरच्या पाठीमागे एन्कोडर असतो. सतरा बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग पाडतो. मोटर ५ मिलिमीटर पिचच्या बॉलस्क्रूला जोडली, तर एक भाग म्हणजे मिलिमीटरचा सुमारे पंचवीस हजारावा हिस्सा. एवढी बारीक नजर ऐकूनच माणूस निर्धास्त होतो. पण ही नजर मोटरच्या दांड्यावर खिळलेली आहे. स्क्रू आणि नट यांच्यात ०.०५ मिलिमीटरचा प्ले असेल, म्हणजे दिशा बदलताना टेबल हलण्याआधी स्क्रू तेवढा रिकामा फिरत असेल, तर एन्कोडरच्या हिशेबात ते तेराशे भाग होतात, आणि त्या तेराशे भागांत टेबल जागचे हललेले नसते. ड्राइव्हच्या पडद्यावर मात्र सगळे शून्य-शून्य दिसते. बिटे वाढवून त्या तेराशेचे सव्वीसशे केले किंवा लाखभर केले, तरी टेबल तेवढेच मागे राहणार. नजर कितीही तीक्ष्ण असली तरी ती ज्या दिशेला वळलेली नाही तिथले दिसत नाही.

आता दुसरी बाजू, त्याला मिळणाऱ्या आज्ञेची. घरच्या यंत्रांत बहुतेक वेळा कंट्रोलर ड्राइव्हला पल्स आणि दिशा अशा दोन तारांवर हुकूम देतो. एक पल्स आला की ड्राइव्हने ठरावीक अंतर सरकायचे, दुसऱ्या तारेवरून कळते कुठल्या बाजूला. एन्कोडरकडून ड्राइव्हकडे येणारी माहिती आजकाल आकड्यांच्या पुडक्यात येते आणि प्रत्येक पुडक्याबरोबर ते शाबूत पोचले का हे तपासण्याची खूण असते. गडबड झाली तर ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. पल्सच्या तारेला असला पहारेकरी नाही. सोलापुरी चादरीची नक्षी ज्या जेकॉर्डवर विणली जाते, त्याच्या पुठ्ठ्यात नको तिथे एक भोक पडले तर जेकॉर्ड तो हुकूमच समजतो आणि तो धागा उचलतो. माग थांबत नाही, धागा तुटत नाही, नक्षीत मात्र एक दाणा चुकतो. पल्सच्या तारेवर बाहेरून उसळलेली विजेची ठिणगी ड्राइव्हच्या दृष्टीने असेच एक जादा भोक असते. तो इमानदारीने तेवढा सरकतो आणि एन्कोडरकडून खात्री करून घेतो की आपण बरोबर सरकलो. अलार्म वाजायचे कारणच नाही. तासाभराच्या कामानंतर एक्स अक्ष शून्यावर परत आणला की तो दोन दशांश मिलिमीटर बाजूला सापडतो, आणि मालक गेन बदलायला बसतो.

गेन बदलून हा दोष जाणार नाही हे सिद्ध करायला महागडी उपकरणे लागत नाहीत. बहुतेक ड्राइव्ह आपल्याकडे किती पल्स आले हे पडद्यावर दाखवतात. अक्ष शंभर वेळा पुढे-मागे पळवून मूळ जागी आणावा आणि तीन आकडे ताडून पाहावेत. कंट्रोलरने पाठवलेले पल्स आणि ड्राइव्हला मिळालेले पल्स जुळले नाहीत, तर दोष तारेत आहे. ते जुळले, पण मिळालेला हुकूम आणि एन्कोडरची जागा यांत फरक राहिला, तर दोष ट्यूनिंगचा किंवा मोटरच्या ताकदीचा. हेही जुळले, आणि टेबलावर लावलेला डायल गेज मात्र वेगळे सांगतो, तर दोष कपलिंग, नट किंवा बेअरिंगचा. हीच चाचणी स्पिंडल बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा घ्यावी. स्पिंडल चालू केल्यावरच फरक पडत असेल तर चोर कुठून येतो हे तिथेच कळते. आणखी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चूक दिशा बदलण्याच्या संख्येच्या प्रमाणात आणि नेहमी एकाच बाजूला वाढत असेल, तर ती बाहेरच्या उपद्रवाची नसून वेळेची असते. दिशेची तार पल्सच्या काही मायक्रोसेकंद आधी बदलायला हवी. एका बाजूच्या वळणावर ती उशिरा बदलली की तिथे दर वेळी एक पल्स चुकीच्या बाजूला मोजला जातो. कंट्रोलरमध्ये एक आकडा बदलला की हा दोष जातो, आणि तो माहीत नसल्याने लोक चांगला बॉलस्क्रू काढून टाकतात.

उपद्रव येतो कुठून? तो आपणच विकत आणलेला असतो. ड्राइव्ह २३० व्होल्टचा एसी पुरवठा घेऊन त्याचा सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी करतो आणि सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत मोटरला देतो. स्पिंडलचा व्हीएफडी, म्हणजे त्याचा वेग बदलणारा ड्राइव्हही तेच करतो, तोही किलोवॅट-दोन किलोवॅटच्या जोरावर. प्रत्येक चालू-बंदच्या क्षणी व्होल्टेज इतक्या झटक्यात चढते-उतरते की मोटरची केबल आणि तिच्या शेजारचे सगळे धातू यांच्यात क्षणभर प्रवाह उसळतो. या प्रवाहाला जिथून निघाला तिथे, म्हणजे ड्राइव्हकडे, परत जायचे असते. केबलभोवतीची तांब्याची जाळी दोन्ही टोकांना, मोटरच्या बाजूला आणि ड्राइव्हच्या बाजूला, गोलाकार क्लॅम्पने पूर्ण दाबून धरलेली असेल, तर तो जाळीतूनच मुकाट परततो. तसे नसेल तर सापडेल त्या वाटेने जातो, आणि सर्वांत सोपी वाट पुष्कळदा सिग्नलच्या तारांतून असते. म्हणून मोटरची केबल आणि सिग्नलची केबल एकाच पट्टीत बांधू नयेत, वीतभर अंतर ठेवावे, ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. म्हणूनच पल्सची जोडतार पिळलेली असावी आणि कंट्रोलर देत असेल तर प्रत्येक सिग्नलला उलट-सुलट अशा दोन तारांची जोडी वापरावी. बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच बसतो, ड्राइव्ह दोन्हींतला फरक तेवढा वाचतो, आणि उपद्रव वजा होऊन जातो. एकेरी तारेने २४ व्होल्टचा सिग्नल देणार असाल तर आधी पुस्तिका उघडा. ५ व्होल्टसाठी बनलेल्या इनपुटला बहुधा २ किलोओहमचा रेझिस्टर मध्ये घालावा लागतो. तो विसरला की इनपुट पहिल्याच दिवशी जळतो.

इथे एक आक्षेप हमखास येतो: 'आमचे अर्थिंग पक्के आहे, खड्डा खोल आहे, मग उपद्रव येतोच कसा?' खड्डा हवाच, पण तो वेगळ्या कामासाठी. फेजची तार यंत्राच्या सांगाड्याला लागली तर माणसाच्या आधी फ्यूज किंवा ब्रेकरने दखल घ्यावी, यासाठी तो असतो. उपद्रवाचे प्रवाह लाखो-कोटी हर्ट्झचे असतात आणि त्यांच्या लेखी एक मीटर लांब बारीक तारसुद्धा मोठा अडसर असते. अशा तारेचे इंडक्टन्स ढोबळमानाने एक मायक्रोहेन्री धरले, तर एक कोटी हर्ट्झला तिचा विरोध साठ ओहमच्या वर जातो, तार कितीही जाड तांब्याची असो. मग पंधरा मीटरवरच्या खड्ड्याचा त्यांना काय उपयोग? त्यांना हवी असते पॅनेलमधली उघडी, रंग खरवडलेली पत्र्याची पाटी, जिच्यावर ड्राइव्ह, फिल्टर आणि जाळीचे क्लॅम्प अंगाला अंग लावून बसलेले आहेत, आणि तिथून यंत्राच्या सांगाड्यापर्यंत गेलेली रुंद, आखूड पट्टी. पावडर कोटिंग केलेल्या सुंदर पॅनेलवर तसाच स्क्रू आवळलेला ड्राइव्ह विजेच्या दृष्टीने हवेत लटकत असतो.

खड्ड्याबद्दल सोलापुरात मात्र जास्त काळजी घ्यावी लागते. इथली काळी माती ओली असताना विजेला छान वाट देते, पण उन्हाळ्यात ती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि खाली लवकर लागणारा काळा बेसॉल्ट वीज सहज घेत नाही. कोळसा-मीठ भरून पावसाळ्यात मोजलेला खड्डा एप्रिलमध्ये तोच राहत नाही. आयएस ३०४३ हे अर्थिंगचे भारतीय मानक आहे आणि त्यातही मातीच्या ओलाव्याला महत्त्व दिलेले आहे, म्हणून मोजणी उन्हाळ्यात करावी आणि पाणी घालायची सोय ठेवावी. दुसरी गोष्ट याहून गंभीर. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा प्रवाह अर्थकडे सतत झिरपत असतो. तीन-चार ड्राइव्ह आणि एक व्हीएफडी मिळून तो ३० मिलिअँपिअरच्या ईएलसीबीला, म्हणजे अर्थकडे गळणारा प्रवाह ओळखून पडणाऱ्या ब्रेकरला, पाडण्याइतका होऊ शकतो, आणि मग कोणीतरी यंत्राची अर्थची तार काढून ठेवतो. ब्रेकर पडायचा थांबतो, यंत्र चालते, सांगाड्याला हात लावला की मुंग्या येतात. घरात जिथे लहान मुले वावरतात तिथे हे करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. यंत्राला स्वतंत्र लाइन, इन्व्हर्टर जातीच्या यंत्रांसाठी बनवलेला ईएलसीबी, आखूड केबल किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असे उपाय आहेत. अर्थ काढणे हा त्यांतला एक नाही. तसेच पुरवठा बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशेवर व्होल्ट काही मिनिटे राहतात. ड्राइव्हवरचा 'चार्ज' लिहिलेला दिवा विझेपर्यंत आणि त्यानंतरही पुस्तिकेत दिलेली मिनिटे होईपर्यंत टर्मिनलला हात लावू नये. आपत्कालीन बटण कॉम्प्युटरला विनंती करणारे नसावे, त्याने कॉन्टॅक्टर किंवा ड्राइव्हचे सुरक्षा-इनपुट थेट तोडले पाहिजे. आणि उभ्या झेड अक्षाच्या मोटरला ब्रेक हवा, कारण वीज गेली की स्पिंडलचे वजन बॉलस्क्रूला उलटे फिरवत खाली येते. तो ब्रेक थांबलेले धरून ठेवण्यासाठी असतो, धावते थांबवण्यासाठी नाही.

एवढे झाल्यावर ट्यूनिंगकडे यायचे. ड्राइव्हच्या आत एकात एक अशी तीन चक्रे असतात. सर्वांत आतले करंटचे, ते उत्पादकाने मोटरप्रमाणे बसवलेले असते आणि आपण त्याला हात लावत नाही. त्याबाहेर वेगाचे, त्याबाहेर जागेचे. क्रमही आतून बाहेर असाच हवा. वेगाचा गेन थोडा थोडा वाढवत न्यायचा. अक्ष आधी सैल, मऊ वाटतो, मग घट्ट होतो आणि एका टप्प्यावर मोटर बारीक गुणगुणायला लागते. तिथून वीस-तीस टक्के खाली यायचे. झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली मांडलेली पद्धतही हेच सांगते: यंत्र थरथरू लागेल त्या टोकापर्यंत जा आणि तिथून मोजून मागे फिरा. सोलापूरच्या मागांवरचा जॉबर शेडमध्ये पाऊल टाकताच आवाजावरून कुठला माग बिघडला हे ओळखतो. तो कान इथे फार उपयोगी पडतो. बारीक, उंच सूर म्हणजे गेन जास्त. जड, घोगरा सूर म्हणजे बहुधा कपलिंग किंवा सांगाडा थरथरतो आहे, तेवढीच कंपनसंख्या दाबणारा नॉच फिल्टर लावावा. थांबलेला अक्ष जागच्या जागी सावकाश डुलत असेल तर इंटिग्रलचा, म्हणजे साचत गेलेल्या चुकीच्या हिशेबाचा, जोर जास्त आहे किंवा कुठे तरी प्ले आहे. आणि दिशा बदलताना येणारी खरखर तर प्लेची उघड साक्ष असते. कारण प्लेच्या त्या पोकळीत मोटरला टेबलाचा भारच जाणवत नाही, ती फक्त स्वतःचे जडत्व फिरवत असते, आणि भारासकट बेतलेला गेन त्या क्षणी तिला झेपत नाही. म्हणून मी म्हणतो की आधी नट आवळा, मग आकडे बदला. ढिल्या यंत्रावर गेन कमी केला तर खरखर जाते खरी, पण तिच्याबरोबर अक्षाची ताठरता जाते, आणि हत्यार लाकडातून जाताना रेषा लहरी निघते.

जागेच्या गेनचे गणित साधे आहे आणि ते कळले की बरेच गैरसमज जातात. अक्ष हुकमाच्या नेहमी थोडा मागे असतो, आणि किती मागे, तर वेग भागिले गेन. मिनिटाला ६,००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर वेग आणि ४० गेन असेल, तर अक्ष अडीच मिलिमीटर मागे धावतो. ऐकून धक्का बसतो, पण एक्स आणि वाय दोघेही सारखेच मागे असतील तर सरळ रेषा सरळच निघते, फक्त थोडी उशिरा. बिघडते तेव्हा, जेव्हा एक्सचा गेन ४० आणि वायचा ३० ठेवला जातो. त्याच वेगाने ४५ अंशांची रेषा कापली तर ती सुमारे ०.४ मिलिमीटर बाजूला सरकते, आणि वर्तुळ कापले तर ते तिरपे लंबवर्तुळ होते. प्रत्येक अक्ष स्वतंत्रपणे जास्तीत जास्त ताठ करण्याच्या हौसेने असे होते. सर्वांत मंद अक्षाला जो गेन झेपतो तोच सगळ्यांना द्यावा आणि उरलेले मागे पडणे फीडफॉरवर्डने, म्हणजे चूक दिसण्याची वाट न पाहता हुकमावरूनच आधी जोर देऊन, भरून काढावे. मोटारींच्या इंजिनातले कॅमशाफ्ट बनवणारा प्रिसिजन कॅमशाफ्ट्स हा कारखाना सोलापुरातच आहे. कॅमचा अंडाकृती उंचवटा सीएनसी यंत्रावर घासताना दांडा फिरत असतो आणि घासण्याचे चाक त्याच्या तालावर पुढे-मागे होत असते. तिथे एक अक्ष दुसऱ्यापेक्षा किंचित उशिरा पोचला की उंचवट्याचा आकारच बदलतो. दोन अक्षांनी एकमेकांबरोबर राहणे किती मोलाचे आहे हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सुचत नाही.

'पण आता ऑटो-ट्यूनिंग आहे, बटण दाबले की ड्राइव्ह स्वतःच सगळे ठरवतो,' हा सर्वांत जोरदार आक्षेप आणि तो खोटा नाही. आजचे ऑटो-ट्यूनिंग चांगले असते, आणि नवशिक्याने हाताने काढलेल्या आकड्यांपेक्षा त्याचे आकडे पुष्कळदा सरस ठरतात. पण ते करते काय? अक्ष थोडा मागे-पुढे पळवून, किती करंट दिल्यावर किती वेग आला यावरून भाराचे जडत्व काढते आणि त्यावरून गेन बेतते. कपलिंगचा स्क्रू ढिला असेल तर त्याला भार हलका वाटेल. गाइड कुठे अडकत असेल तर घर्षण जास्त वाटेल. ते दोष सांगत नाही, दोषासकट जुळवून घेते. म्हणून त्याचा उपयोग उलटाही करून घ्यावा. जडत्व आपण कागदावर काढू शकतो. २० किलोचे टेबल ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर असेल तर मोटरला ते फार हलके भासते. १६ मिलिमीटर जाडीच्या, ६० सेंटिमीटर लांबीच्या त्याच स्क्रूचे स्वतःचे जडत्व टेबलाच्या दुपटीहून जास्त भरते. दोन्हींची बेरीज ४०० वॅटच्या नेहमीच्या मोटरला सहज पेलते. कागदावरचा आकडा आणि ड्राइव्हने काढलेला आकडा आसपास आले तर बांधणीवर विश्वास ठेवावा. तिप्पट-चौपट तफावत आली तर बटण सोडून पाना हातात घ्यावा.

घरच्या यंत्राला सर्वो लागतोच का, हेही कोणी विचारील. एमडीएफवर नक्षी कोरायची, वेग बेताचा, काम हलके, तर स्टेपर मोटर पुरते आणि पैसे वाचतात, हे मान्य करायला हवे. सर्वो लागतो वेग वाढला आणि भार बदलता असला की, कारण स्टेपरची ताकद वेगाबरोबर घसरत जाते आणि पाऊल चुकले तर त्याला पत्ता नसतो. पण सर्वो घेऊन त्याचा वेग जुन्या कंट्रोलरने अडवून ठेवणारेही असतात. फेऱ्याला दहा हजार पल्स ठेवले आणि प्रिंटरच्या पोर्टमधून सेकंदाला पंचवीस हजारच पल्स निघत असले, तर ५ मिलिमीटर पिचवर वेग मिनिटाला ७५० मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. ड्राइव्हमधला इलेक्ट्रॉनिक गिअर बदलून फेऱ्याला हजार पल्स केले की तोच कंट्रोलर दसपट धावतो, आणि पाच मायक्रॉनची पायरी लाकडाला पुरून उरते.

राहिला सोलापूरचा उन्हाळा. बऱ्याच ड्राइव्हची तापमानाची मर्यादा ४० ते ५५ अंशांच्या दरम्यान कुठे तरी असते, आणि ती भोवतालच्या हवेची असते; बंद पॅनेलमध्ये ड्राइव्हभोवती जी हवा असते ती खोलीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी सहज गरम होते. इथे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते असा ठोकताळा आहे, तेव्हा पॅनेल मोठे घेणे आणि ड्राइव्हच्या वर-खाली पुस्तिकेत दिलेली मोकळी जागा सोडणे ही उधळपट्टी नाही. मागाच्या शेजारी यंत्र असेल तर कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीवर गादीसारखे बसतात, ते आठवड्याला काढावेत. मोटर थांबताना परत येणारी ऊर्जा जाळणारा रेझिस्टर पॅनेलच्या बाहेर, वरच्या बाजूला लावावा, कॉम्प्युटरच्या केबलजवळ नाही.

उष्णता यंत्राचे मापही बदलते, आणि मोटरवरच्या एन्कोडरला ते दिसण्याचा मार्गच नाही. डिसेंबरच्या पहाटे १५ अंशांना आणि मेच्या दुपारी ४३ अंशांना काम केले तर फरक २८ अंशांचा. पोलाद दर मीटरला, दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. अर्ध्या मीटरचा स्क्रू तेवढ्यात ०.१७ मिलिमीटर लांब होतो, आणि अॅल्युमिनियमचा सांगाडा जवळपास दुप्पट, ०.३२ मिलिमीटर. मोटर तेवढेच फेरे फिरते, एन्कोडर तेवढेच आकडे मोजतो, टेबल मात्र वेगळ्या जागी जाते. टेबलावरच मापाची पट्टी लावून ती ड्राइव्हला किंवा कंट्रोलरला जोडली तर हे दिसू लागते. ती महाग असते आणि तिच्या वायरिंगला वर सांगितलेले सगळे नियम दुप्पट काटेकोरपणे लागू होतात. ती नसेल तर सकाळी यंत्र अर्धा तास रिकामे पळवून, ज्या वेळी काम करणार त्याच वेळी डायल गेज लावून कंट्रोलरमधला पल्स-प्रति-मिलिमीटरचा आकडा ठरवावा आणि पॅनेलच्या दाराच्या आत कागद चिकटवून त्यावर तो, तारीख आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. मे महिन्यात पुन्हा मोजावे, आणि पहिला पाऊस पडून माती ओली झाली की अर्थिंगही.